भिंत कायची आहे?

भर एप्रिलात दुपारी नागपूरच्या इतवारीत हिंडणारा माणूस एकतर लग्नघरचा असतो, नाहीतर घरात मिस्त्री लागलेला. मी दुसऱ्यातला. लोहाओळीत ड्रिल मशीन मागितली, तर दुकानदाराने ना वॅट विचारले ना बजेट. ‘भिंत कायची आहे भाऊ?’

ज्या भिंतीला टेकून मी रोज पेपर वाचतो ती पोपटी आहे, याहून जास्त काही सांगता येईना.

मग त्याने शाळाच घेतली. विटेची भिंत असेल तर 13 एमएमची इम्पॅक्ट ड्रिल पुष्कळ. आतल्या दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटाला, म्हणजे भोक पाडणाऱ्या टोकाला, मिनिटाला हजारो बारीक धक्के देतात, विटेला तेवढे पुरतात. काँक्रीटचा बीम किंवा कॉलम लागला की मात्र हीच मशीन नुसती किंचाळते आणि भुकटी पडते चिमूटभर. तिथे रोटरी हॅमर. तिच्यातला दट्ट्या हवेच्या दाबावर चालतो. ठोके कमी, पण एकेक दणदणीत.

महालातल्या आमच्या जुन्या घरात हे काम आजोबांच्या बोटांकडे होतं. खिळा ठोकायच्या आधी ते भिंतीवर टकटक करून कान लावत. ‘इथं नको, पोकळ बोलते.’ मग छिन्नीने खळगा करायचा, सागाची गिट्टी तासून घट्ट बसवायची, आणि स्क्रू आत जाण्याआधी त्याच्या आट्यांवर कपड्याच्या साबणाची वडी फिरवायची. स्टूल धरणं आमच्याकडे. चुना डोळ्यांत जायचा, पण स्टूल सोडायची बिशाद नव्हती. एका कॅलेंडरसाठी अख्खी सकाळ जायची.

दुकानात येणारा प्रत्येक गडी मशीन उचलतो, हवेत नेम धरतो आणि घोडा दाबून पाहतो. त्याचा दोष नाही. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा, या घडणीचं पेटंट ब्लॅक अँड डेकरने 1917 साली मिळवलं, तेव्हापासून भोक पाडणाऱ्याच्या अंगात थोडा हिरो शिरतोच.

बॅटरीवाली 18 व्होल्टचीही त्याने दाखवली. देखणी होती, पण 45 अंशांच्या उन्हात ती गच्चीवर विसरली की बॅटरीचे हाल, आणि विसरणारी मंडळी घरात भरपूर. मला आपली वायरवालीच बरी. तिच्या वायरीला चकची, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्याची, चावी रबराने बांधलेली असते. ती चावी सोडून इकडे-तिकडे ठेवणाऱ्याला मी मशीन उसनी देत नाही, सख्खा साळा असला तरी.

इम्पॅक्टच घेतली. बीमला भोक पाडायची वेळ आलीच, तर वरच्या मजल्यावर रोटरी हॅमर आहे. रविवारी दुपारी दोनला सगळी बिल्डिंग तिची साक्ष देते.