भाव चढतो तेव्हा

न्याय्य व्यापाराचे, म्हणजे ‘फेअरट्रेड’चे, चिन्ह असलेले कॉफीचे पाकीट विकत घेतले, की आपण मोजलेल्या जादा पैशांतला वाटा थेट शेतकऱ्याच्या हातात पडतो, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती अगदीच चुकीची नव्हती, पण अपुरी होती. या व्यवस्थेतला किमान भाव, म्हणजे बाजार कितीही पडला तरी खरेदीदाराने द्यायचा भाव, मिळतो तो शेतकऱ्याला नव्हे, तर त्याच्या सहकारी संस्थेला, आणि तोही माल निर्यातीसाठी जहाजावर चढतो त्या टप्प्याचा. फळ सोलणे, बी वाळवणे, प्रतवारी, वाहतूक, प्रमाणपत्राचे शुल्क, कर्जावरचे व्याज हे सारे त्यातूनच वजा होते आणि उरेल ते सभासदांकडे जाते. त्यामुळे पाकिटावर कोणते चिन्ह आहे यापेक्षा संस्थेचा कारभार कसा आहे, यावर शेतकऱ्याचे उत्पन्न अधिक अवलंबून असते.

इतिहासातही संस्था आधी आली आणि चिन्ह नंतर. मेक्सिकोतील ओआहाका राज्याच्या डोंगराळ भागात १९८०च्या दशकात आदिवासी कॉफी उत्पादकांनी ‘उसिरी’ ही सहकारी संस्था उभी केली. गावोगाव फिरून मिळेल त्या भावाने कॉफी उचलणाऱ्या दलालांना तिकडे ‘कोयोते’ म्हणतात. त्यांच्या तावडीतून सुटणे हा तिचा पहिला हेतू होता. तिथे काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर हॉफ आणि नेदरलँड्समधील निको रोझेन यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये ‘मॅक्स हावेलार’ हे न्याय्य व्यापाराचे चिन्ह बाजारात आले. पुढच्याच वर्षी देशागणिक निर्यातीची मर्यादा ठरवून भाव टिकवणारी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत कोसळली आणि कॉफीचे भाव गडगडले. २००१ मध्ये तर बाजारभाव पौंडाला ५० सेंटांच्याही खाली गेला. त्या काळात न्याय्य व्यापाराचा किमान भाव पौंडाला १.२१ डॉलर होता, त्यामुळे संस्थेचे सभासद असण्याचा फायदा कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

खरा कस लागतो तो भाव चढल्यावर. संस्थेने खरेदीदाराशी करार हंगामाच्या आधीच केलेला असतो, अनेकदा ठरलेल्या भावाने. तोडणीच्या वेळी बाजार वर गेलेला असतो आणि व्यापारी दारात येऊन रोख पैसे मोजतो. संस्था मात्र थोडी उचल देते आणि उरलेले पैसे माल विकला गेल्यावर, कित्येक महिन्यांनी. सभासद माल व्यापाऱ्याला घालतो. त्याला मी बेइमान म्हणणार नाही, कारण मजुरांची मजुरी त्याला त्याच आठवड्यात चुकती करायची असते. पण संस्थेला करार पाळण्यासाठी चढ्या भावाने बाहेरून माल घ्यावा लागतो, नाहीतर करार मोडावा लागतो. २०२१ मध्ये ब्राझीलमध्ये दंव पडून भाव भडकले, तेव्हा कोलंबियात असेच झाले: शेतकऱ्यांनी आधी कबूल केलेली कॉफी मोठ्या प्रमाणावर दिलीच नाही आणि त्यांच्या सहकारी संस्थांना मोठा तोटा सोसावा लागला. म्हणूनच, संस्थेने मागणी केल्यास कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम खरेदीदाराने आगाऊ उपलब्ध करून द्यावी, हा नियम मला किमान भावापेक्षाही मोलाचा वाटतो, जरी त्याची जाहिरात कुठल्याच पाकिटावर नसते.

निसर्गाशी जुळवून घेणाऱ्या शेतीलाही, म्हणजे ज्याला अ‍ॅग्रोइकॉलॉजी म्हणतात तिलाही, हाच काळाचा हिशेब लागू पडतो. कॉफीच्या मळ्यात इंगासारखी शेंगवर्गीय सावलीची झाडे वाढवली तर ती हवेतला नत्र जमिनीत आणतात आणि त्यांच्या पानांचे आच्छादन ओल धरून ठेवते, पण हे एका हंगामात घडत नाही. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी कॉफीसारख्या बहुवार्षिक पिकाला साधारण तीन वर्षांचा संक्रमणकाळ लागतो. त्या काळात रासायनिक खते बंद केल्याने उत्पादन घटू शकते आणि जादा भाव तर अजून सुरू झालेला नसतो. २०१२ च्या सुमारास मध्य अमेरिकेत कॉफीच्या पानांवरचा तांबेरा हा बुरशीजन्य रोग पसरला. सावलीने तांबेरा टळतो, असे सरसकट म्हणता येत नाही. काही परिस्थितीत दाट सावली त्याला पोषकही ठरते. मिश्र पिकांचा लाभ वेगळाच होता: ज्यांच्या शेतात कॉफीसोबत केळी, मका, घेवडा होता, त्यांच्या घरात निदान खायला होते. नवी झाडे लावली तरी पीक हाती यायला तीन-चार वर्षे जातात, आणि ती वर्षे एकट्या शेतकऱ्याला निभावून नेणे फार अवघड असते.

सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी शेतावर जाऊन तपासणी करण्याचे कामही संस्थाच करते. हजारो छोट्या तुकड्यांची वेगवेगळी तपासणी परवडणारी नसल्याने सभासदांपैकीच काहींनी एकमेकांच्या शेतांची पाहणी करायची आणि बाहेरच्या संस्थेने त्यातली काही शेते पडताळायची, अशी गट-प्रमाणीकरणाची पद्धत रूढ झाली. युरोपीय संघाच्या २०१८ च्या सेंद्रिय नियमावलीने अशा गटाला २००० सभासदांची मर्यादा घातली. फसवणूक रोखण्याचा हेतू मी समजू शकतो, तरी मोठ्या संस्थांना त्यामुळे स्वतःचे तुकडे करावे लागतात आणि कारकुनी खर्च वाढतो, तोही त्याच किमान भावातून.

किमान भावाखेरीज संस्थेला कॉफीच्या प्रत्येक पौंडामागे २० सेंटांचे अधिमूल्य, म्हणजे जादा रक्कम, मिळते. त्यातले किमान पाच सेंट उत्पादकता आणि दर्जा यांवर खर्च करणे बंधनकारक आहे. बाकीचे कुठे वापरायचे, हे सर्वसाधारण सभा ठरवते. मंदीच्या वर्षी राखीव निधी उभारता येत नाही, कारण उरतच काही नाही; त्याचा ठराव मांडावा लागतो तेजीच्याच वर्षी, जेव्हा सभेत बसलेल्या प्रत्येकाला पैसे आत्ताच वाटून हवे असतात आणि बाहेर व्यापाऱ्याचा ट्रक उभा असतो.