मंजूर नकाशा कपाटात होता

मी व्हॅल्युअर आहे, म्हणजे लोन देण्याआधी बँक घराची किंमत काढायला ज्याला पाठवते तो माणूस. रोज घरं बघतो पण ही एक केस डोक्यातून जात नाही.

दुमजली घर, मालक रिटायर झालेले काका. दार उघडल्यापासून त्यांनी नवीन मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, बाथरूमच्या टाइल्स हेच दाखवलं, बिलांची फाईल हातात दिली आणि म्हणाले, हे सगळं किमतीत धरा हं साहेब. बऱ्याच जणांचा हाच समज असतो, म्हणून सांगतो, घातलेला पैसा जसाच्या तसा किमतीत उतरत नाही. आम्ही बघतो ते आसपास तशीच घरं अलीकडे खरंच कितीला विकली गेली, मग साईज, वय, अवस्था, पार्किंग यातला फरक बघून आकडा वरखाली करतो, त्यात चांगल्या किचनचा थोडा फायदा होतो, सोफा-टीव्ही तर धरतच नाही.

त्याच फाईलमध्ये तळाशी छताच्या वॉटरप्रूफिंगचं आणि सगळी वायरिंग बदलल्याचं बिल होतं, काका त्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. मला तेच जास्त कामाचं, कारण घर बांधून किती वर्षं झाली हे एक आणि ते अजून किती वर्षं धड उभं राहील हे दुसरं, किंमत काढताना दोन्ही बघावं लागतं.

मग वर गेलो आणि अडकलो. मागच्या बाजूला चांगली मोठी खोली, पण बँकेने दिलेल्या नकाशात तिथे उघडी गच्ची. काकांना म्हटलं, मंजुरीचा कागद नसेल तर ही खोली मला धरता येणार नाही. ते भडकलेच, अहो आमची मुलं याच खोलीत अभ्यास करून मोठी झाली! मला वाईट वाटत होतं, पण मंजुरी नसलेलं बांधकाम उद्या पाडायचा आदेश आला तर बँक काय करणार?

काकू इतका वेळ गप्प होत्या. आत गेल्या आणि कपाटातून एक जुनी पिशवी घेऊन आल्या, तिच्यात सुधारित नकाशा, शिक्का-सहीसकट, त्यात ती खोली व्यवस्थित दाखवलेली. बँकेला यांनी पहिलाच नकाशा दिला होता! मी तिथल्या तिथे फोटो काढले, बँकेला तो नकाशा मंजुरी देणाऱ्या ऑफिसच्या रेकॉर्डशी ताडून घ्यायला सांगितलं, तो बरोबर निघाला आणि खोली क्षेत्रफळात धरली. सगळ्या टाइल्स मिळून जेवढा फरक पडला नसता तेवढा त्या एका कागदाने पडला.

तरी आकडा काकांच्या अपेक्षेपेक्षा कमीच आला. शेजारच्याचं घर कितीला गेलं माहितीये का म्हणाले, पण ते गेलंच नव्हतं, जाहिरातीत मागितलेली किंमत होती ती, आणि मागितलेली किंमत म्हणजे झालेला व्यवहार नव्हे. मी त्यांना सांगितलं की रिपोर्ट बँकेसाठी असतो पण तुम्ही कॉपी मागा, माप चुकलं असेल किंवा जवळचा एखादा खरा व्यवहार माझ्याकडून सुटला असेल तर बँकेला लेखी द्या, मला उत्तर द्यावंच लागेल, नुसतं कमी वाटतंय म्हणून मात्र आकडा हलवता येत नाही. काकांनी खरंच कॉपी मागवली, टेप घेऊन सगळ्या खोल्या मोजल्या आणि मापं जुळली म्हणून मला फोन केला. लोन नंतर मंजूर झालं.