जाताना आठ, येताना दहा

"काय रे, रिक्षावाल्यासारखं फिरवून आणलं का तुला?" दिल्लीत उतरून फोन केला तर आईचा हा पहिला प्रश्न. विचारलं ते बरोबरच. तोक्योला जाताना पावणेआठ तास लागले आणि आज येताना चांगले दहा. अंतर तेच, सरळ रेषेत साधारण 5,900 किलोमीटर.

करामत सगळी वाऱ्याची. थंडीत जपानवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, सुसाट वाहत असते, कधी कधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर. जाताना पाठीत ढकलते, येताना छातीवर हात ठेवून थोपवते. समोरच्या स्क्रीनवर आकडा होता: समोरचा वारा, ताशी 210. खालच्या नकाशातलं ते चिमुकलं विमान चीनवर चिकटून बसलेलं. दोन डुलक्या काढल्या तरी तिथंच! (जेवण मात्र वेळेवर.)

त्यात जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. म्हणजे तिथून सकाळी सव्वाअकराला निघालो आणि इथं पावणेसहाला हजर.

आईनं लगेच बोटांवर मोजलं. "मग साडेसहाच तास झाले की! उगाच काय कुरकुरतोस?"

पुण्याच्या विमानाला अजून तीन तास आहेत. बसलोय चहा घेऊन.