वॉलिंग्टन: जहागीर देऊन टाकणाऱ्या सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांच्या घरी

वॉलिंग्टन हे ईशान्य इंग्लंडमधले ट्रेव्हेलियन घराण्याचे जुने घर. न्यूकॅसलहून ए-६९६ रस्त्याने निघून बेल्से मागे टाकले की पुढे उजवीकडे कॅम्बो गावाचा फाटा लागतो. एकूण अंतर साधारण ३२ किलोमीटर. रेल्वेने आल्यास मॉर्पेथला उतरावे, पण तिथून २० किलोमीटर राहतात आणि बसचा भरवसा नाही. गाडी किंवा टॅक्सी आधीच ठरवून ठेवावी.

बॅरोनेट म्हणजे वंशपरंपरेने ‘सर’, पण संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे लॉर्ड्समध्ये, जागा नाही. त्यामुळे १९२८ साली किताब आणि इस्टेट मिळाल्यावरही चार्ल्स मजूर पक्षाचे खासदार राहू शकले. तत्त्वासाठी त्यांनी दोनदा पद सोडले: १९१४ मध्ये युद्धाला विरोध म्हणून, १९३१ मध्ये शिक्षणमंत्री असताना, शाळा सोडण्याचे वय वाढवण्याचे विधेयक पडल्यावर. १९४१ साली त्यांनी घर आणि सुमारे १३,००० एकर जमीन नॅशनल ट्रस्टला, म्हणजे ऐतिहासिक वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या संस्थेला दिली. राहण्याचा हक्क तेवढा हयातभर स्वतःकडे ठेवला. थोरल्या मुलाला किताब मिळाला, वॉलिंग्टन नाही. हा निर्णय घरच्यांना जड गेला असणार. तरी तो योग्यच होता, असे इथे फिरताना पटते.

आत शिरल्यावर मधल्या दिवाणखान्यात निवांत थांबा. मूळच्या उघड्या चौकावर छप्पर घालून तो केला आहे. विल्यम बेल स्कॉटच्या आठ चित्रांपैकी ‘लोखंड आणि कोळसा’ हे जवळून बघा: घण घालणारे कामगार, आणि पुढे बापाचा डबा घेऊन बसलेली मुलगी. तिच्या मांडीवर पुस्तक आहे. पुढे शिक्षणमंत्री झालेल्या माणसाच्या घरात ते वेगळेच बोलते.

ग्रंथसंग्रह मराठी वाचकाने चुकवू नये. १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणाने आपल्याला माहीत असलेला मेकॉले हा चार्ल्सच्या आजीचा भाऊ. त्याची पुस्तके इथे आहेत. चार्ल्सचे आजोबा मद्रासचे गव्हर्नर होते, आणि आयर्लंडच्या दुष्काळातली त्यांची कंजूष मदत आजही तिथे विसरलेली नाही. कुटुंबाचा हा भागही लक्षात ठेवूनच घर बघावे.

बहुतेकांची चूक एकच होते: सगळा वेळ घरात जातो. तटबंदीची बाग घरापासून पाऊण किलोमीटरवर, झाडीतल्या वाटेने आहे. घर बागेपेक्षा उशिरा उघडते, म्हणून सकाळी आधी बाग करावी. वाट ओली असते. चांगल्या पकडीचे बूट हवेत. काचघरातली जुनी फ्युशिया ही फुलझुडपे खोडाशी झाडासारखी जाड झाली आहेत, तिथे दहा मिनिटे राखून ठेवा. हिवाळ्यात घराच्या वेळा बदलतात, त्या निघण्याच्या दिवशी तपासाव्यात.