कामोल्यी: खोट्या खिडक्या, खऱ्या मासळीचं गाव

इटलीतल्या जेनोवाहून लोकल गाडीने आज कामोल्यी या किनाऱ्यावरच्या गावी जाऊन आलो. समुद्राला चिकटून उंचच उंच रंगीत घरं. निरखून बघितलं तर बऱ्याच खिडक्या आणि नक्षी भिंतीवर नुसती रंगवलेली! हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच.

किनारा गोट्यांचा, चपला विसरू नका.

दुपारी बोटीने सान फ्रुत्तुओझोला. तिथवर मोटाररस्ता नाहीच. बोट, नाहीतर डोंगरातली पायवाट. छोट्याशा खाडीत जुना मठ आणि पाण्याखाली सुमारे १७ मीटरवर १९५४ साली उतरवलेला येशूचा ब्राँझचा पुतळा. पाणबुडे थेट भेटून येतात, मी बोटीतूनच हात जोडले.

मला खरी भुरळ पडली ती इथल्या टूना पकडायच्या जाळ्याची. नारळाच्या काथ्याचं, हाताने विणलेलं! हंगाम संपला की ते समुद्रातच सोडतात, आपोआप कुजून जातं. काथ्याचं हे कौतुक आमच्या कोकणात कुणी करत नाही, इथे मात्र अभिमानाने सांगतात.

खाण्याचं म्हणाल तर शेजारच्या रेक्को गावची चीज फोकाच्चा, म्हणजे भट्टीत भाजलेली चपटी रोटी: कागदासारखे दोन पातळ पापुद्रे, मध्ये वितळलेलं मऊ चीज. गरम असतानाच खायची, गार झाली की मजा गेली. गोडात रम घातलेलं क्रीम भरलेले, चॉकलेटात बुडवलेले कामोल्येझी नावाचे छोटे पेस्ट्रीचे गोळे.

जमलं तर मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी या. त्या दिवशी बंदरावर भल्यामोठ्या कढईत मासे तळतात.