हिरड्याचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारलेत म्हणून

"मॅडम, तुमच्या त्या हिरड्याच्या औषधाचे पुढे काय झाले हो?" हा प्रश्न लोक मला गेली दहा-अकरा वर्षे लग्नाच्या मांडवात, राजारामपुरीत भाजी घेताना, सहकाऱ्यांच्या निरोपसमारंभात आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडे असताना विचारत आले आहेत. त्याचे मूळ 2014 साली एका वृत्तपत्रात आलेल्या चौकटीतल्या बातमीत आहे. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू राधानगरीच्या रानातल्या हिरड्याने मारले, असा तिचा आशय होता आणि खाली पेट्री डिश हातात धरलेला माझा फोटो होता. आजवर मी या प्रश्नाला "काम चालू आहे" एवढेच उत्तर देत आले. ते खोटे नव्हते, पण उत्तरही नव्हते. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटते की औषध तयार आहे आणि कंपन्यांनी ते दाबून ठेवले आहे. उरलेल्या निम्म्यांना, आणि यांत माझे काही डॉक्टर मित्रही आहेत, हे सगळे पहिल्यापासूनच थोतांड होते असे वाटते. दोघांचाही मला सारखाच राग येतो, म्हणून एकदाचे सविस्तर लिहिते.

आधी आमची बाजू. आम्ही काहीही खोटे केले नव्हते. हिरड्याची फळे सावलीत वाळवून, कुटून, सॉक्सलेटमध्ये मिथेनॉलने अर्क काढला. एका पॅथॉलॉजी लॅबने दिलेले स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जखमा चिघळवणाऱ्या जंतूचे नमुने घेतले आणि सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकाची चकती लावून ते मेथिसिलिन या दुसऱ्या प्रतिजैविकाला दाद न देणारे, म्हणजे ज्यांना सगळे 'एमआरएसए' म्हणतात तेच आहेत, याची खात्री करून घेतली. म्युलर-हिंटन अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर, जंतूंचा थर पसरला, त्यात आठ मिलिमीटरच्या वेल, म्हणजे गोल खळ्या, पाडल्या, एकीत अर्क आणि एकीत नुसता द्रावक घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्युबेटर उघडला, तेव्हा द्रावकाच्या वेलभोवती जंतू काठापर्यंत आले होते आणि अर्काच्या वेलभोवती स्वच्छ, काचेसारखे वर्तुळ होते. काळ्या कापडावर प्लेट धरून व्हर्नियरने मोजले, तर 22 मिलिमीटर. तीन वेळा केले आणि तिन्ही वेळा जवळपास तेवढेच आले. ज्याने आयुष्यात एकदा तरी असे वर्तुळ पाहिले आहे, त्याला त्या सकाळचा आनंद सांगावा लागणार नाही. तो आनंद मला आजही खरा वाटतो.

चूक पुढच्या वाक्यात झाली आणि ते वाक्य माझेच होते. शेजारच्या प्लेटवर व्हॅन्कोमायसिन या एमआरएसएवरच्या नेहमीच्या औषधाची चकती होती आणि तिचे वर्तुळ 17 मिलिमीटरचे होते. वार्ताहराने विचारले, "म्हणजे हिरडा त्या औषधापेक्षा भारी?" मी म्हणाले, "या चाचणीत तरी तसे दिसते." 'या चाचणीत तरी' हे शब्द छापून आले नाहीत, अशी तक्रार मी पुष्कळ वर्षे केली. आता ती करण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण ते छापले असते तरी वाक्य चुकीचेच ठरले असते. व्हॅन्कोमायसिनच्या चकतीत औषध असते 30 मायक्रोग्रॅम. माझ्या वेलमध्ये अर्क होता पाच मिलिग्रॅम, म्हणजे दीडशे पटींहून अधिक. शिवाय व्हॅन्कोमायसिनचा रेणू अवजड असल्यामुळे तो अगारमध्ये सावकाश पसरतो, त्यामुळे त्याचे वर्तुळ लहान असले म्हणून औषध दुबळे ठरत नाही. या जंतूवर व्हॅन्कोमायसिन चकतीने तपासू नये, हेही तोवर ठरून गेले होते. हे सगळे मला ठाऊक होते. त्या वेळची मी म्हणेल की सामान्य वाचकाला एवढा तपशील कशाला. तिला मी आज एवढेच विचारेन की तपशील वाचकाला जड जाणार होता की तुझ्या वर्तुळाला.

बातमीनंतर साधारण तीन आठवड्यांनी, दुपारच्या प्रात्यक्षिकांच्या वेळी, एक गृहस्थ प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढून उभे राहिले. पन्नाशीचे असतील. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात चौकटीचे कात्रण आणि एक कल्चर रिपोर्ट. त्यांच्या धाकट्या भावाला मधुमेह होता आणि डाव्या पायाच्या अंगठ्याजवळची जखम दोन महिने भरत नव्हती. रिपोर्टवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस, सेफॉक्सिटिनपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट. माझ्याच प्लेटवरचा जंतू, फक्त एका माणसाच्या पायात. "बाटलीभर द्या मॅडम," ते म्हणाले. "तुमच्याच हातनं मेलाय न्हवं त्यो जंतू?"

मी त्यांना बसवले, पाणी दिले आणि सांगता येईल तेवढे सांगितले: हे औषध नाही, माणसावर तपासलेले नाही, असे देणे कायद्यानेही मना आहे, भावाला सर्जनकडे न्या, साखर आटोक्यात आणा. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग जे सांगितले ते मी आजतागायत विसरलेले नाही. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी पायताणांचे कातडे कमावणारे. कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचे पाणी भरून ती टांगायची, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले होते. "हिरड्यात मुरलेलं कातडं कुजत न्हाई, किडत न्हाई. म्हणून तर तुमची बातमी वाचल्यावर पटलं," ते म्हणाले. मी काहीतरी बोलायचे म्हणून विचारले की एकदा भरलेले पाणी किती दिवस चालते. ते हसले. "कुठलं चालतंय? कातडं हिरडा पितंय मॅडम. पिऊन झालं की ऱ्हातंय नुसतं पाणी. मग नवं घालाय लागतंय."

ते गेले. मी प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासायला घेतल्या आणि तिसऱ्या वहीवर हात थांबला. कातडे म्हणजे प्रथिन. हिरड्याच्या फळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा टॅनिन हे तुरट द्रव्य, आणि टॅनिनचा धर्मच असा की प्रथिन दिसले की त्याला धरून बसायचे. कातडे कमावणे म्हणजे तेच. मग पू, रक्तद्रव आणि मेलेल्या पेशी यांनी भरलेली जखम काय वेगळे करणार? माझ्या अगारच्या प्लेटवर हिरड्याला पिऊन टाकणारे असे काही नव्हतेच. यात नवे काहीही नव्हते, आणि तेच जास्त लागले. औषधकोशात टॅनिन मोजण्याची पद्धतच अशी आहे की अर्क कातड्याच्या भुकटीबरोबर हलवायचा आणि भुकटीने किती द्रव्य ओढून घेतले ते पाहायचे. ती पद्धत मी वाचली होती. वाचलेले आणि प्लेटवर पाहिलेले मी एकत्र आणले नव्हते, एवढेच.

त्या आठवड्यात मी 96 खाचांची प्लेट लावली. एका बाजूला साधा ब्रॉथ, म्हणजे जंतू वाढवायचा द्रव, दुसऱ्या बाजूला चार टक्के अल्ब्युमिन हे प्रथिन घातलेला ब्रॉथ; माणसाच्या रक्तद्रवात अल्ब्युमिन साधारण तेवढेच असते. दोन्हींत अर्क दर वेळी निम्मा करत नेला. निकालासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायची गरजच पडली नाही. पिपेटमधला अर्क अल्ब्युमिनच्या पहिल्या खाचेत पडला आणि खाच त्याच क्षणी पातळ ताकासारखी गढूळ झाली. दुसरी झाली, तिसरी झाली. टॅनिन प्रथिनाला धरून साका बनून तळाशी बसत होते आणि मी ते उघड्या डोळ्यांनी पाहत होते. गढूळपणामुळे वाढ डोळ्यांनी ओळखता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक खाचेतला थेंब ताज्या अगारवर टाकला. साध्या ब्रॉथमध्ये मिलिलिटरमागे 625 मायक्रोग्रॅम अर्कालाही जंतू वाढले नव्हते. अल्ब्युमिनच्या बाजूला पाच मिलिग्रॅमच्या खाचेतूनसुद्धा पिवळसर वसाहती भरगच्च उगवल्या. व्हॅन्कोमायसिनची जंतू रोखायला लागणारी मात्रा मात्र दोन्हीकडे जवळपास तीच राहिली.

भावाचे पुढे काय झाले, ते मला दोन महिन्यांनी कळले. बातमीत झाडाचे नाव होतेच. त्यांनी बाजारातून हिरडा आणला, उकळला आणि नऊ दिवस त्या काढ्याच्या पट्ट्या बांधल्या. सर्जनकडे गेले ते दहाव्या दिवशी. अंगठा काढावा लागला. सर्जनांनी त्यांना सांगितले की पायाचा रक्तपुरवठाच इतका कमी होता की नऊ दिवस आधी येऊनही कदाचित हेच झाले असते. हे वाक्य मी पुढे अनेकांना ऐकवले आहे आणि ऐकवताना दर वेळी मला जाणवले आहे की मी 'कदाचित' हा शब्द जरा भरभर उच्चारते.

आता तुमच्या शंका. कंपन्यांनी काही दाबलेले नाही. दाबण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते. साध्या ब्रॉथमधला 625 मायक्रोग्रॅमचा आकडासुद्धा औषध म्हणून फार मोठा आहे. व्हॅन्कोमायसिनला याच जंतूसाठी मिलिलिटरमागे दोन मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी पुरतात. वनस्पतींच्या बहुतेक द्रव्यांची हीच कथा आहे. आज रुग्णालयात वापरली जाणारी प्रतिजैविके मुख्यतः मातीतल्या जंतूंकडून आणि बुरशीकडून आली किंवा रसायनशाळेत घडवली गेली, झाडांकडून नाही.

पण म्हणून हे थोतांड, असे म्हणणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रांनाही मी मोकळे सोडणार नाही. तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी जुन्या चिनी ग्रंथातली एक ओळ वाचून, उकळण्याऐवजी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हाती लागले. 2015 सालचे नोबेल त्यासाठीच मिळाले. दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांत बर्बेरिन असते. एकटे बर्बेरिन स्टॅफिलोकॉकसपुढे दुबळे, कारण जंतू ते आत आल्या आल्या पंपाने बाहेर फेकतो. 2000 साली दाखवले गेले की यांतल्याच काही झुडपांत तो पंप बंद करणारे दुसरे द्रव्यही असते आणि दोन्ही एकत्र आली की बर्बेरिनला चांगलीच धार येते. झाडाने द्रव्ये जोडीने ठेवलेली असताना आपण एकेक सुटे करून तपासतो आणि निकामी ठरवतो, असे तर होत नाही ना, हा प्रश्न मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही.

मग मी त्या 22 मिलिमीटरच्या वर्तुळावरचा माझा पहिला शोधनिबंध मागे का घेतला नाही, असेही एका विद्यार्थ्याने विचारले होते. त्यातला एकही आकडा खोटा नाही, हे माझे उत्तर. त्या निबंधाचा मला पदोन्नतीत उपयोग झाला, हेही खरे. अल्ब्युमिनचे निकाल मी दोन नियतकालिकांकडे पाठवले; एकाने परत केले, दुसऱ्याकडून आलेल्या सूचनांवर मी काम केले नाही. का केले नाही, याची मी वेळोवेळी वेगवेगळी कारणे सांगितली आहेत.

आणि इतके सगळे लिहिल्यावरही हिरड्याचा निकाल लागला, असे मला म्हणता येत नाही. आमच्या शेजारच्या वैद्यांना मी अल्ब्युमिनची गोष्ट सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "अहो, त्रिफळ्याच्या काढ्याने आम्ही व्रण धुतो. बांधून ठेवायला कोणी सांगितले?" धुणे म्हणजे पाणी बदलत राहणे. कातडे कमावणारेही तेच करतात. पहिल्यांदा मी प्रथिन विसरून प्रयोग केला. दुसऱ्यांदा अर्क एकदाच घालून अठरा तास तसाच ठेवला आणि निकाल देऊन मोकळी झाले. जखम धुणारा माणूस यांपैकी काहीच करत नाही. हा मला पटलेला मुद्दा आहे की हरलेल्या माणसाने धरलेली काडी, हे मी ठरवू शकलेले नाही.

यंदा एम.एस्सी.च्या एका मुलीने हाच विषय मागितला आहे. अल्ब्युमिनच्या पातळ थरावर जंतू वाढवायचे आणि दर चार तासांनी जुना अर्क काढून ताजा घालायचा, अशी तिची योजना आहे. रात्रीच्या फेऱ्या कोण करणार, यावर आमचे अडले आहे. फोटो काढायला मी तिला मनाई केली आहे.