चौथ्या क्रमांकाचा पैलवान: बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमधले दोन दिवस

बर्लिनच्या नॉयकोल्न भागात ओडरस्ट्रासवर एक सार्वजनिक क्रीडांगण आहे. संध्याकाळी सातच्या सुमाराला पोहोचलो तेव्हा आत फुटबॉलचा सराव चालू होता आणि प्रशिक्षकाची शिट्टी रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. प्रवेशाजवळच वेर्नर झेलेनबिंडरची समाधी आहे. त्याच्या अस्थी 29 जुलै 1945 ला इथे आणून पुरल्या. युद्ध संपून तीन महिनेही झाले नव्हते, शहर मातीला मिळालं होतं, आणि त्या अवस्थेत लोकांनी स्टेडियमला एका पैलवानाचं नाव दिलं. आपल्याकडे तालमीत मारुतीशेजारी वस्तादांचा फोटो असतो, त्याला नमस्कार करूनच पोरं लाल मातीत उतरतात. मला तेच आठवलं. चप्पल काढून उभा राहिलो.

हा माणूस कोण, हे आधी सांगतो. जन्म 2 ऑगस्ट 1904, श्टेटीन गावी (आज ते पोलंडमध्ये आहे). लहानपणीच कुटुंब बर्लिनला आलं. घर कामगाराचं. पडेल ती कामं करत तो कामगारांच्या क्रीडा मंडळात कुस्ती शिकला. तेव्हा जर्मनीत कामगारांची स्वतःची क्रीडा चळवळ होती, त्यांचं ऑलिंपिकही वेगळं होतं. 1925 साली फ्रांकफुर्टला भरलेल्या कामगार ऑलिंपिकमध्ये तो जिंकला. 1928 ला मॉस्कोच्या स्पार्टाकियाडला (सोव्हिएत संघाने भरवलेल्या कामगारांच्या क्रीडास्पर्धेला) जाऊन आला आणि कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य झाला.

त्याची कुस्ती ग्रीको-रोमन. कमरेखाली हात लावायचा नाही, पायाची पकड नाही, टांग मारायची नाही. आपल्या मातीतल्या कुस्तीचे निम्मे डाव इथे बाद होतात. उरतं ते छाती, खांदे आणि कंबर यांच्या जोरावर समोरच्याला उचलून टाकणं. 87 किलोच्या गटात तो सहा वेळा जर्मनीचा विजेता झाला. 1933 ला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं तेव्हा हिटलर सत्तेवर आलेला होता, आणि बक्षीस घेताना याने नाझी सलाम केला नाही, ही त्याच्याबद्दल सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट. त्यापायी सोळा महिने सराव आणि स्पर्धा दोन्ही बंद झाल्याचं सांगतात.

आता वाट. पहिल्या दिवशी सकाळी बर्लिनच्या पश्चिमेला जा. वेस्टक्रॉइत्सहून एस-3 किंवा एस-9 लोकल पकडा आणि मेस्से स्यूडला उतरा. 1936 च्या ऑलिंपिकमधल्या कुस्त्या या स्टेशनजवळच्या डॉइचलांडहालेमध्ये झाल्या. ती इमारत आता नाही. 2011 मध्ये पाडली आणि जागेवर प्रदर्शनाचं नवं सभागृह उभं राहिलं. बघण्यासारखं काही नाही, दहा मिनिटं पुरे. पण मला तिथे उभं राहायचं होतं, कारण त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत अवघड कुस्ती इथे झाली.

बेत असा होता: पदक मिळवायचं, विजेत्यांच्या चौथऱ्यावर चढायचं आणि सगळ्या जगासमोर नाझी सलाम नाकारायचा. स्पर्धेत न उतरता बहिष्कार घालायचा हाही मार्ग होता, पण साथीदारांशी बोलून त्याने उतरायचं ठरवलं. वय नुकतंच 32 झालेलं. पहिलीच कुस्ती लॅटव्हियाच्या एडविन्स बिएटाग्सशी पडली आणि तो हरला. पुढच्या कुस्त्या लढून चौथा आला. सुवर्ण स्वीडनच्या अक्सेल काडिएरला, रौप्य त्याच बिएटाग्सला, कांस्य एस्टोनियाच्या आउगुस्ट नेओला. चौथऱ्यावर जागा तिघांनाच असते.

मेस्से स्यूडपासून दोन स्टेशनं पुढे ऑलिंपिक स्टेडियम. तिकीट काढून आत जाता येतं, पण सामना किंवा कार्यक्रम असेल त्या दिवशी दार बंद, तेव्हा आदल्या रात्री संकेतस्थळावर बघूनच निघा. आत मॅरेथॉन दरवाज्याशी दगडी पाट्यांवर विजेत्यांची नावं कोरली आहेत. त्या ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकलेला कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटू जेसी ओवेन्स, त्याचं नाव सगळे शोधतात. मीही शोधलं, मग कुस्तीची यादी वाचली. तिथे काडिएर आहे. झेलेनबिंडर असणार नाही हे माहीत होतं, तरी यादी शेवटपर्यंत वाचली.

याच ऑगस्टमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही बर्लिनमध्ये होतं, त्यांनी इथे कबड्डी खेळून दाखवली. आपली माणसं आणि हा पैलवान एका महिन्यात एका शहरात होते, एवढंच म्हणता येतं. त्यांची गाठ पडली असं मी म्हणत नाही, पण त्या जागी हा विचार डोक्यातून जात नाही.

दुपारी यू-6 मेट्रोने प्लाट्स डेर लुफ्टब्र्युकेला उतरा आणि कोलंबियाडामवरून पूर्वेकडे चालत राहा. गोल्सनर स्ट्रासच्या कोपऱ्यावर घराच्या आकाराचं पोलादी स्मारक आहे. रस्त्यापलीकडे कोलंबियाहाउस होतं, आधी गेस्टापोचा (नाझींच्या गुप्त पोलिसांचा) तुरुंग, मग छळछावणी. सुमारे आठ हजार माणसं इथून गेली. झेलेनबिंडरलाही काही काळ इथेच डांबलं होतं असं त्याच्या चरित्रात येतं. एक तारीख मात्र लक्षात ठेवून या: ही छावणी नोव्हेंबर 1936 पर्यंत चालू होती. म्हणजे पाहुण्यांसाठी शहर सजलं, स्टेडियममध्ये टाळ्या वाजत होत्या, तेव्हा इथल्या कोठड्या भरलेल्या होत्या. मागून गाड्या भरधाव जातात आणि स्मारक सहज नजरेतून सुटतं. मीही एकदा पुढे निघून गेलो होतो.

तिथून समाधीपर्यंत बस घेऊ नका, टेम्पलहोफर फेल्डमधून चालत जा. हा जुना विमानतळ 2008 मध्ये बंद झाला आणि दोन वर्षांनी लोकांसाठी खुला झाला. धावपट्टीवर सायकली, पतंग, आकाश अंगावर येतं एवढं मोकळं. अर्धा-पाऊण तास लागतो. सावली अजिबात नाही आणि वारा सपाटून असतो, म्हणून टोपी, पाणी आणि एक जॅकेट जवळ ठेवा. सूर्यास्ताला फाटकं बंद होतात, तेव्हा त्याआधी ओडरस्ट्रासच्या बाजूने बाहेर पडा. चालायचं नसेल तर यू-8 चं लाइनस्ट्रास स्टेशन क्रीडांगणाच्या जवळ आहे.

स्टेडियमच्या नावाचीही एक गोष्ट आहे. नॉयकोल्न पश्चिम बर्लिनमध्ये आलं, शीतयुद्ध तापलं आणि कम्युनिस्टाचं नाव इथे नको झालं. ते काढून नुसतं नॉयकोल्न स्टेडियम केलं. तिकडे पूर्व बर्लिनमध्ये जुन्या गुरांच्या बाजारातल्या इमारतीत त्याच्या नावाचं मोठं सभागृह झालं. तिथे पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाची अधिवेशनंही भरली. बर्लिनची भिंत पडल्यावर ते सभागृह पाडलं आणि आज तिथे वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचं बंदिस्त मैदान आहे (लांड्सबेर्गर आली स्टेशन, वेळ असेल तरच जा). पश्चिमेकडच्या मैदानाला नाव परत मिळालं 2004 मध्ये. एका सरकारने डोक्यावर घेतलं, दुसऱ्याने पुसलं. दोघांनीही त्याच्या कुस्तीबद्दल फारसं विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरा दिवस ब्रांडेनबुर्ग आन डेर हाफेलसाठी ठेवा, त्याचा शेवट तिथल्या तुरुंगात झाला. बर्लिनहून आरई-1 गाडी तासाच्या आत पोहोचवते. हे गाव बर्लिनच्या एबीसी तिकिटात (शहर आणि लगतचा परिसर) येत नाही, ही चूक बरेच जण करतात. डॉइचलांडटिकेट (देशभरच्या लोकल वाहतुकीचा मासिक पास) असेल तर चालतं. नाहीतर दिवसभराचं ब्रांडेनबुर्ग-बर्लिन तिकीट घ्या. ते पाच जणांपर्यंत चालतं, पण कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच. स्टेशनबाहेरून 1 नंबरची ट्राम पकडायची आणि शेवटी आंटोन-साफ्कोव्ह-आलीला उतरायचं.

ऑलिंपिकनंतरही तो लढत राहिला. 1937 आणि 1938 ला युरोपीय स्पर्धेत तिसरा आला. परदेशी स्पर्धांमुळे पासपोर्ट होता, त्याचा उपयोग निरोप आणि कागद पोहोचवायला झाला. रोबेर्ट उरिगच्या नाझीविरोधी भूमिगत गटाचं काम तो करत होता. 4 फेब्रुवारी 1942 ला अटक झाली. आठ दिवस छळ, मग अडीच वर्षांत नऊ छावण्या आणि तुरुंग. 5 सप्टेंबर 1944 ला फाशीची शिक्षा ठोठावली आणि 24 ऑक्टोबरला इथे, ब्रांडेनबुर्गच्या ग्योर्डन भागातल्या तुरुंगात गिलोटिनखाली त्याचं शिर उडवलं. 1940 ते 1945 या काळात या एका जागी दोन हजारांहून जास्त माणसं मारली गेली.

तुरुंग आजही तुरुंगच आहे. संग्रहालय भिंतीबाहेर, जुन्या तुरुंगप्रमुखाच्या घरात आहे, पण जिथे शिरच्छेद व्हायचे ती खोली भिंतीच्या आत. ती बघायची तर आधी नोंदणी लागते. मी ती केली नव्हती, त्यामुळे बाहेरूनच परतलो. तुम्ही काही आठवडे आधी ईमेल करा. संग्रहालय रोज उघडं नसतं, तेही विचारून घ्या.

शेवटच्या पत्रात त्याने वडिलांना लिहिलं की घरच्यांच्या आणि अनेक क्रीडाप्रेमींच्या मनात आपल्याला जागा मिळाली आहे आणि ती आपण कायम राखू. याच जाणिवेमुळे अखेरच्या घडीला आपण कच खाणार नाही. परतीच्या गाडीत हे वाचत होतो. बर्लिनला उतरल्यावर हॉटेलवर जायच्या ऐवजी पुन्हा यू-8 पकडली आणि ओडरस्ट्रासला गेलो. आज मैदानावर लहान मुली धावत होत्या.